ब्रेक दाबू नगंस

भुईंज मागे टाकून आम्ही पाचवडच्या अलीकडे आलो होतो. २०२४ च्या दिवाळीआधीचा आठवडा, दुपारचे दोन वाजून गेलेले. पाऊस नुकताच उघडला होता आणि ऊन असं की डांबर डोळ्यांपुढे थरथरत होतं. लेकीला पुण्याच्या वसतिगृहातून सुट्टीसाठी साताऱ्याला आणत होतो. गाडी मी चालवत होते, डाव्या सीटवर आप्पा म्हणजे माझे सासरे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मागे सासूबाई आणि लेक, डिकीत तिचं निम्मं बिऱ्हाड. खंबाटकीचा घाट चढून-उतरून सुरूर फाट्यावर चहा घेतला होता. काटा ८५ वर होता.

तेवढ्यात जाड गोणपाट एका हिसक्यात फाडावं तसा आवाज झाला आणि त्याच्यामागोमाग खालून धाडधाड सुरू झाली. गाडीची शेपूट डावीकडे झोल गेली, मग उजवीकडे. माझा उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून निघून ब्रेककडे निघालाच होता. आप्पांनी माझ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही, नजर रस्त्यावर ठेवूनच ओरडले, "ब्रेक दाबू नगंस! स्टेरिंग धर घट्ट. सरळ जाऊ दे तिला, सरळ."

दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं. पुढचे चारपाच सेकंद मी नुसती गाडी सरळ ठेवत होते. ती डावीकडे ओढत होती, मी तेवढीच उजवीकडे धरत होते, जास्त नाही. आप्पा सावकाश बोलत होते, बस घाटात असताना बोलत असतील तसे. "आता पाय हळूहळू उचल. एकदम सोडू नगं. इंडिकेटर दे. मागं काय हाय बघ." मागे एक कंटेनर होता, बराच लांब. वेग साठावर आला तसा गिअर चौथ्यातून तिसऱ्यात, मग दुसऱ्यात टाकला. तीसच्या खाली आल्यावर पहिल्यांदा ब्रेकला पाय लावला, तोही अगदी अलगद. गाडी डाव्या पट्टीच्या बाहेर मुरमावर घेऊन उभी केली. इंजिन बंद केल्यावर लेकीच्या श्वासाचा आवाज ऐकू आला.

ब्रेक का नाही, हे आप्पांनी रात्री जेवताना ताटातली भाकरी सरकवून समजावलं. फुटलेलं चाक आधीच गाडीला एका बाजूने मागे खेचत असतं. त्यात जोरात ब्रेक मारला की सगळा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा टायर फुटला असेल तर गाडी स्वतःभोवती फिरते. पुढचा फुटला असेल तर ती त्या बाजूला ओढली जाते, आणि घाबरून उलट दिशेला स्टेअरिंग तोडणारा माणूस थेट दुभाजकावर जातो. आमची गाडी २०१५ ची, तिला एबीएस नाही, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं २०१९ पासून. म्हणजे त्या क्षणी मी ब्रेक दाबला असता तर उरलेली चाकं जाम होऊन घसरली असती आणि स्टेअरिंगला अर्थच उरला नसता. आप्पा १९७० च्या दशकात एसटीत लागले, २००८ साली मेढा आगारातून निवृत्त झाले, आयुष्यभर केळघर घाटाने महाबळेश्वरला बस नेली. त्यांच्या आयुष्यात टायर किती फुटले हे ते सांगत नाहीत. ते डाव्या सीटवर नसते तर माझा पाय कुठे गेला असता, ते मला पक्कं ठाऊक आहे.

चाक बदलणं हा पुढचा भाग. मी चाक बदललेलं नव्हतं, बदलताना पाहिलं होतं. आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले. ते म्हणाले, "मी सांगतो, तू कर." सासूबाई आणि लेकीला आधी गाडीतून उतरवून पत्र्याच्या कठड्यापलीकडे उभं केलं. लाल त्रिकोण पन्नास-साठ पावलं मागे नेऊन ठेवला, चारही इंडिकेटर चालू ठेवले. फुटलेलं चाक मागचं डावं होतं, म्हणजे रहदारीच्या विरुद्ध बाजूचं. उजवं असतं तर आप्पांनी मला तिथे बसूच दिलं नसतं. अशा वेळी १०३३ ला, महामार्गाच्या मदतक्रमांकाला फोन करून गस्तीची गाडी पाठीशी उभी करून घ्यायची.

हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली, पुढच्या उजव्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावले. आणि मग जी गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती ती: नट आधी ढिले करायचे, चाक जमिनीवर असतानाच. जॅक लावून चाक हवेत गेलं की पान्याबरोबर चाकच फिरत बसतं आणि जोर लावला तर गाडी जॅकवरून निसटते. नट हलेनात. पाना आडवा लावून त्याच्या टोकावर मी उभी राहिले तेव्हा पहिला नट कुरकुरत सुटला. जॅक मुरमात रुतत होता, म्हणून त्याच्याखाली एक सपाट दगड सरकवला. गाडी उचलल्यावर आप्पांनी आधी स्टेपनी काढायला लावली आणि ती आडवी करून गाडीच्या पोटाखाली ढकलायला सांगितली. जॅक दगा देऊन गाडी खाली आलीच तर टायरवर येईल, माझ्या हातावर नाही.

फुटलेला टायर बाहेर आला तेव्हा त्याची आतल्या बाजूची भिंत, म्हणजे नक्षीपासून रिमपर्यंतचा भाग, चाकाभोवती सगळी फाटून लोंबत होती. आणि स्टेपनी बसवायला उचलली तर ती हाताला मऊ लागली. नऊ वर्षं ती डिकीच्या तळाशी पडून होती, तिच्यात कधी हवा पाहिली होती ते मला आठवेना. माझ्यामागे कठड्यापलीकडे घरातली दोन माणसं उन्हात उभी होती आणि माझ्या हातात एक निकामी चाक होतं. त्या दिवसातला सर्वांत वाईट क्षण माझ्यासाठी हाच. टायर फुटला तो काही सेकंदांचा खेळ होता. हे मात्र नऊ वर्षांचं दुर्लक्ष होतं.

एक पिकअप थांबली. कोरेगावकडचा मुलगा होता, मार्केट यार्डात आलं उतरवून रिकामा परत चालला होता. त्याच्याकडे पायाने मारायचा पंप आणि मीटर होता. स्टेपनीत हवेचा दाब निघाला १४ पीएसआय, हवा असतो त्याच्या निम्मासुद्धा नाही. त्याने आणि माझ्या लेकीने आळीपाळीने पंप मारून ती तिसाच्या पुढे नेली. नट मी समोरासमोरचे आवळले, एक इकडचा, एक त्याच्या समोरचा, म्हणजे चाक वाकडं बसत नाही. गाडी खाली घेतल्यावर पुन्हा पूर्ण ताकदीने आवळले. त्या मुलाने पैसे घेतले नाहीत. "स्टेपनी जुनी आहे ताई, पन्नासच्या वर जाऊ नका," एवढं बजावून गेला. आनेवाडीचा टोलनाका ओलांडून साताऱ्यात यायला आम्हाला तास लागला.

दुसऱ्या दिवशी टायर घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने काही न बोलता टायरच्या पोटात हात घातला आणि मूठ माझ्यापुढे उघडली. तळहातावर काळी भुकटी, काजळासारखी बारीक. "ही रबराची. हवा कमी असताना टायर चालला की भिंत आतून घासून अशी पूड पडते." मी म्हटलं, हवा तर निघतानाच भरली होती. त्यांनी विचारलं, कुठे, किती वाजता, किती गाडी चालल्यावर. मग हिशेब लागला.

पुण्यातून निघताना शहरातल्या गर्दीतून तासभर गाडी चालवून, भर दुपारी, महामार्गावरच्या एका पंपावर मी हवा बघायला सांगितली होती. तिथल्या मुलाने चारही चाकांत ३० केली. काहींतून थोडी सोडलीसुद्धा. पण चाललेल्या टायरमधली हवा तापून फुगलेली असते. मीटरला दिसणाऱ्या तीसमध्ये तीन-चार पॉइंट त्या उष्णतेचेच असतात. हवा बघायची ती थंड टायरची: सकाळी, गाडी हलवायच्या आधी, किंवा पंप अगदी दोन किलोमीटरच्या आत असेल तर. दुसरी गोष्ट माझ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर नऊ वर्षं छापलेली होती आणि मी कधी वाचली नव्हती. पुढे ३२, मागे ३०. पण माणसं आणि सामान पूर्ण भरलेलं असेल तर मागे ३६. त्या दिवशी गाडी पूर्ण भरलेली होती. म्हणजे ३६ हवी तिथे थंड हिशेबाने २६-२७ होती.

तरी नुसत्या तेवढ्याने टायर लगेच फुटत नाही, असं दुकानदार म्हणाले. त्यांनी आतल्या भिंतीवरचा एक तुकडा उचलून दाखवला. तिथले धागे तुटून बाहेर आले होते, कापल्यासारखे नाही, विस्कटलेले. "गेल्या महिन्याभरात खड्ड्यात आदळली होती का?" आदळली होती. तीन आठवड्यांपूर्वी कोरेगाव रस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावी बाजू धाडकन गेली होती. मी उतरून पाहिलंही होतं. बाहेरून टायर ठीक दिसला, हवा गेली नव्हती, म्हणून निघाले. धागे तुटून टायरच्या भिंतीला फुगा आला होता तो आतल्या बाजूला, गाडीच्या पोटाकडे. तो बाहेरून वाकून दिसत नाही. गाडी उचलावी लागते किंवा चाकामागे हात घालून चाचपावं लागतं.

गाडीने सांगितलं होतं. त्या तीन आठवड्यांत साठच्या पुढे गेलं की सीटखाली बारीक थरथर जाणवायची. मी ती रस्त्याच्या खात्यावर टाकली. थरथर स्टेअरिंगला असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत, सीटला असेल तर मागच्या, हे मला दुकानात उभं राहून कळलं. आता मागे वळून पाहिलं की तो टायर पाचवडजवळ फुटला असं मला वाटत नाही. तो कोरेगाव रस्त्यावर फुटला होता, फक्त आवाज तीन आठवड्यांनी आला. लोखंडाची तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिलं की ती आधी गरम होते, मग तुटते. कमी हवेच्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला तशीच मुडपते. ८५ च्या वेगाला माझ्या गाडीचं चाक सेकंदाला बारा वेळा फिरतं. खंबाटकीपासून ती तार किती वेळा वाकली असेल, हा हिशेब मी घरी येऊन खरंच केला आणि मग कागद फाडून टाकला.

उरलेल्या टायरांची झडती तिथेच झाली. टायरच्या भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. स्टेपनीवर १११५, म्हणजे २०१५ चा अकरावा आठवडा. नक्षी नवीकोरी, रबर मात्र म्हातारं. खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा. पुढच्या टायरांच्या खाचांमध्ये जे छोटे उंचवटे असतात तिथपर्यंत झीज अजून आली नव्हती. नक्षी त्या उंचवट्यांना भिडली की खोली १.६ मिलिमीटर उरली आणि तो टायर कायद्यानेही बाद. "पार गोटा होईपर्यंत वापरतात लोक," दुकानदार म्हणाले, "आणि पावसात घसरले की रस्त्याला नावं ठेवतात."

दोन नवे टायर घेतले, स्टेपनी वेगळी बदलली, व्हॉल्व्हसुद्धा नवे टाकले. नवे पुढे बसवायचे की मागे, यावर आप्पांचा आणि दुकानदाराचा चांगला अर्धा तास वाद झाला. आप्पांचं म्हणणं पुढे. एसटीत चांगले टायर नेहमी पुढे आणि पुनःस्तरण केलेले, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेले, मागे, कारण बसचा पुढचा टायर फुटला तर ती सांभाळणं कुणाच्या हातात नसतं. मागे तर जोडचाकं असतात, एक गेलं तरी दुसरं भार धरतं. दुकानदार म्हणाले, बससाठी ते अगदी बरोबर. पण मोटारीला मागे एकच चाक, आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर ड्रायव्हरला कळतं, वेग कमी करता येतो. मागची घसरली तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. मी नवे टायर मागे बसवले. आप्पा दोन दिवस नाराज होते.

ब्रेकचं काम खरं तर त्या यादीत नव्हतं. अलाइनमेंट-बॅलन्सिंग झाल्यावर चाकं काढलेलीच आहेत तर बघून घ्या, असं मी ओळखीच्या मेकॅनिकला म्हटलं. पुढच्या उजव्या चाकाचं बाहेरचं डिस्क पॅड निम्मं शिल्लक होतं आणि आतलं जवळजवळ पत्र्याला टेकलेलं. बाहेरून चाकाच्या जाळीतून डोकावणाऱ्याला बाहेरचंच दिसतं, म्हणून सर्व्हिसिंगच्या पावतीवर दर वेळी 'ब्रेक ठीक' असायचं. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकून जाम झाल्या होत्या, त्यामुळे एकच बाजू घासत राहिली. पिना काढून साफ केल्या, ग्रीस लावलं, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले. पॅड कधीही जोडीने बदलायचे, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते. मागचे ड्रम उघडून लायनर पाहिले, ते ठीक होते, नुसती धूळ काढली.

मग त्याने ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं. ऑइल काळ्या चहासारखं. मी विचारलं, पातळी तर बरोबर आहे ना? त्याचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, झाकण बंद असलं तरी हळूहळू. डॉट ३ आणि डॉट ४ या त्याच्या प्रती. डॉट ३ ऑइल नवीन असताना २०५ अंशांच्या वर उकळतं. पाणी मुरल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट ४ चं तेच २३० वरून १५५. सपाट रस्त्यावर काही फरक जाणवत नाही. पण घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला की डिस्क तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते, आत वाफ होते. ऑइल दबत नाही, वाफ दबते. म्हणजे पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. यवतेश्वर, केळघर, पसरणी असे घाट ज्यांच्या दारात आहेत त्यांनी हे ऑइल दोन वर्षांत बदललंच पाहिजे. मी नऊ वर्षांत किती वेळा बदललं याची एकही पावती मला सापडली नाही.

ऑइल बदलताना मला गाडीत बसवलं. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे मागचं डावं. तो खालून ओरडायचा, "दाबा… धरा!" मी पेडल दाबून धरायचं, तो चाकाजवळचा ऑइल सोडायचा निपल उघडायचा, पेडल पायाखालून खाली जायचं, तो निपल बंद करून म्हणायचा, "सोडा." पारदर्शक नळीतून आधी काळं ऑइल, मग बुडबुडे, मग मधासारखं स्वच्छ. चारही चाकांना मिळून चाळीसएक वेळा दाबलं असेल. मधे हवा राहिली की पेडल स्पंजासारखं लागतं. दाबून धरलेलं पेडल आपोआप हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेला आहे. इंजिन बंद करून दोन-तीन वेळा दाबलं की ब्रेकला मिळणारी इंजिनची मदत संपते आणि पेडल दगडासारखं कडक होतं, तेही त्याने करून दाखवलं. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्यांना हे एकदा तरी कुणी दाखवावं. आणि न्यूट्रल करून पेट्रोल वाचत नाहीच. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना पेट्रोल स्वतःच तोडतात. आप्पांना हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की टायरांचा राग तिथेच गेला. "ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरायचा" हे ते चाळीस वर्षं सांगत आलेत.

दिवाळी झाल्यावर लेकीला परत सोडायच्या आधी आम्ही महाबळेश्वरला जाऊन आलो. सकाळी सहाला अंगणात लेकीने स्वतः मीटर लावून पाचही चाकांची हवा पाहिली. पाचही, स्टेपनी धरून. चाकामागे हात घालून आतली भिंत चाचपली. उतरताना केळघर घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला. मागे दोन गाड्या सारखा हॉर्न देत होत्या. रुंद जागा दिसली तशी बाजू दिली, वेग वाढवला नाही. वळणाच्या आधी एकदाच नीट ब्रेक, मग पाय पूर्ण उचललेला, म्हणजे डिस्कना थंड व्हायला वेळ मिळतो.

मेढ्याला एसटी स्टँडसमोर चहाला थांबलो. गाडीतून उतरल्यावर आप्पा सवयीने पुढच्या चाकाकडे निघाले, तर मी आधीच खाली बसले होते. तळहात नाही, हाताची मागची बाजू रिमच्या जवळ न्यायची, टेकवायची नाही. डावं कोमट. मागची दोन्ही कोमट. पुढच्या उजव्याजवळ हात ठेववेना. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी वाकून हात नेला, लगेच मागे घेतला.

"पिन परत धरलीय," ते म्हणाले.

मेकॅनिकला तिथूनच फोन केला. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बोलावलं; तोवर गाडी साताऱ्यापर्यंत चाळीसने नेली आणि लेकीचं पुण्याला जाणं एक दिवस पुढे ढकललं.